कामचुकार तिसरा कार्बोरेटर

३ मार्च, सोमवार
आजपासून गाडी माझ्या ताब्यात. सासरेबुवांनी काल सगळ्यांसमोर जाहीर केलं. सोळा तारखेला त्यांना ऐंशी पूर्ण. त्या दिवशी स्वतःच्या जुन्या गाडीतून तळ्यापर्यंत जाऊन यायचं. जावयाने नीट नेऊन आणलं तर गाडी जावयाची, नाहीतर मुलाची. मुलगा म्हणजे माझा मेहुणा. हा गॅरेजमध्येसुद्धा पांढरे बूट घालून येतो. गाडीतलं त्याला एकच कळतं, आरसा.
सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर, वयाने माझ्याहून एक वर्ष मोठी. संकल्प: मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही. तीस वर्षं त्यानेच तिला बिघडवलंय.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ७.
मॅन्युअल वाचलं. अगदी सोपं आहे. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानाशी. हवा आत जाताना फुसफुसते. तिघांची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. त्यासाठी मीटरही मिळतो म्हणे. ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी असेल. संध्याकाळपर्यंत संपवतो.

संध्याकाळी ७.
संपलं नाही. पहिला उत्तम. मधला उत्तम. तिसरा कामचुकार. भिंत आणि मडगार्डच्या मध्ये उलटं शिरून, मान मोडून, नळी डाव्या कानाला लावावी लागते. एवढे लाड करूनही हा श्वास घ्यायला तयार नाही. त्याचा स्क्रू अर्धा आटा उघडला.
जेवताना बायको काहीतरी म्हणाली. काय म्हणून विचारलं तर म्हणे काही नाही. या घरात हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. मुद्दाम.

६ मार्च, गुरुवार
रजा टाकली. तिसरा आणखी एक आटा उघडला. इंजिन थरथरतंय, म्हणजे जागं होतंय. मडगार्डवर ठेवलेला चहाचा कप आपला आपण चालत जाऊन खाली पडला. बशी वाचली.
मिस्त्री फाटकाशी येऊन उभा. म्हणाला, साहेब, तिसरा नुसता बोंबलतोय, ऐकू येत नाही का. मी म्हणालो, तुला कुणी विचारलं होतं का. गेला. पोटात दुखतंय त्याच्या.

८ मार्च, शनिवार
बायकोने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला न विचारता. कारण काय, तर बेल चार वेळा वाजली आणि मी दार उघडलं नाही. बेल दमलीय. सेल बदलले. वेळ रद्द केली.
डाव उघड आहे. मला बहिरा ठरवलं की गाडी आपोआप भावाला. माहेरचं रक्त.

११ मार्च, मंगळवार
युक्ती सुचली. तिसरा वर येत नाही ना, मग बाकीच्या दोघांना खाली आणायचं. त्यांचे स्क्रू पार मागे फिरवले. आता तिघंही सारखेच गप्प. मॅन्युअलला नेमकं हेच हवंय. हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही?
इंजिनावर हात ठेववत नाही इतकं हलतंय. बसेल हळूहळू.

१४ मार्च, शुक्रवार
धूर काळा. शेजारीणबाईंच्या दोरीवरच्या चादरीही काळ्या. त्या कुंपणाशी येऊन माझी लायकी काढून गेल्या. एक मात्र खरं, बाई स्पष्ट बोलतात.
पांढरेबूट येऊन गेले. सीटवर हात फिरवून गेले. मी कापडाने सीट पुसली.

१६ मार्च, रविवार
लिहायचं नव्हतं.
सासरेबुवा इस्त्रीचा कोट घालून माझ्या शेजारी बसले. बायको मागे. मेहुणा दुचाकीवरून पाठोपाठ. फाटकातून हिसके खात बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या चढाला गाडी दोनदा खोकली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. सासरेबुवा डोळे मिटून म्हणाले, दोघं झोपलेत, तिसरा एकटा ओढतोय. ऐंशी वर्षांचा माणूस. गाडीत बसल्या बसल्या.
मेहुण्याने मिस्त्रीला आणलं. त्याने नळी घेतली, स्क्रू फिरवले. सात मिनिटं. मग त्याने नळीचं टोक माझ्या डाव्या कानाला लावलं आणि तिसऱ्याचं काय ऐकू येतंय ते विचारलं. म्हटलं, काही नाही. त्याने तेच टोक उजव्या कानाला लावलं. चांगला जोरात फुसफुसत होता. पहिल्या दिवसापासून फुसफुसत असणार.
मिस्त्री हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.
तळ्यापर्यंत गाडी मेहुण्याने नेली. सासरेबुवांनी खिडकीतून एक हात वर केला, तो मला की रस्त्याला ते कळलं नाही. मी आणि बायको चालत घरी आलो. ती माझ्या उजव्या बाजूने चालत होती. गेली दोन वर्षं ती त्याच बाजूने चालते, हे आज लक्षात आलं. फार लाज वाटली.

६ एप्रिल, रविवार
डाव्या कानात मशीन बसून चार दिवस झाले. फ्रिज गुरगुरतो. पंखा कुरकुरतो. शेजारीणबाई स्पष्ट बोलत नाहीत, ओरडतात. बायको काही तोंडातल्या तोंडात बोलत नाही. बरंच बोलते, आणि त्यातलं निम्मं माझ्याबद्दल असतं.
संकल्प: गाडीचा विषय मनातून काढून टाकायचा. लोखंड ते शेवटी.

सकाळी १०.
कोपऱ्यावरून गाडी गेली. बघायला उठलो नाही, गरजच पडली नाही. तिन्ही कार्बोरेटर एका सुरात. पहिला, मधला, तिसरा, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. चढ चढताना आवाजात जराही फरक नाही. इतकं सुंदर इंजिन मी कधी ऐकलं नव्हतं.
बायकोने स्वयंपाकघरातून हळूच विचारलं, ऐकलंत का.
मी म्हणालो, नाही.