गाळलेल्या पाण्यावरची सही

३ नोव्हें.
कोपरजवळच्या खाडीचं पाणी 'मर्यादेत'. लॅबच्या रिपोर्टवर सही माझी. खाडीकाठी चौपाटी उभारायला निघालेल्या नेत्याने संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरवला, वर हात जोडलेला स्वतःचा फोटो. या माणसाने खाडीत कधी पाय बुडवला असेल तर शपथ.

५ नोव्हें.
लेकीचा, चिनूचा खोकला जाईना. सासूबाईंनी खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या आणवल्या, सूप करायला. म्हटलं, नको, चार वर्षांची आहे ती. तर मोबाइल नाकासमोर धरला. "ही सही तुजीच हाय ना?"
माझीच. नवरोबा टीव्हीसमोर हसले. दुसरं करतात काय!
चिनू वाटीभर सूप प्यायली.

६ नोव्हें.
डोक्यातून जात नाही. आमची पद्धत: नमुना आधी गाळायचा, मग गाळलेल्या पाण्यात धातू मोजायचे. गाळणकागद कचऱ्यात. त्या कागदावर असतो पिशव्या, दोऱ्या, थर्माकोल यांचा झिजून झालेला भुगा. सांडपाण्यातलं शिसं त्यालाच चिकटतं. म्हणजे विष गाळून फेकायचं आणि उरलेल्या पाण्याला शाबासकी. चिंबोरी काय गाळून खाते?
लॅबच्या सरांना विचारलं. "मॅडम, सांगितलंय तेवढं करा ना. उगाच पीएचडी नको." टेबलावर विकतच्या पाण्याची बाटली.

८ नोव्हें.
सर ठाण्याला गेलेले. फेकायचे कागद अ‍ॅसिडमध्ये उकळले, ते पाणी मशीनला लावलं. शिसं. भरपूर. परत लावलं, तेच.
सर आल्यावर दाखवलं. "आपल्याला पाणी तपासायला दिलंय, गाळ नाही." आकडा बघितलाही नाही. हा माणूस पूर्वी केमिस्ट्री शिकवायचा म्हणे. कुणाला, देव जाणे.
घरी येताना लाज वाटत होती. सरांची कमी, माझी जास्त.

९ नोव्हें.
दुसऱ्या फेरीचे नमुने. सरांनी माझ्याकडूनच गाळून घेतले. उद्या सही हवी, परवा चौपाटीचा नारळ फुटणार. "तुम्ही नाही केलीत तर दुसरं कोणी करेल." तेही खरंच. असल्या सह्यांना माणसं कमी नाहीत.
घरी सगळं सांगून टाकलं. नवरोबा: "अगं, पण नोकरी?" कागदावरच्या शिशाबद्दल अवाक्षर नाही.
सासूबाई ऐकत होत्या. आज पुन्हा चिंबोऱ्या आणलेल्या, बादलीत खडखडत होत्या. चिनू शेजारी बसून त्यांची बारशी करत होती.
म्हटलं, "आई, टाकून द्या त्या."
"का? पानी चांगला हाय, असा तूच लिवलंस." पण गॅस काही पेटवला नाही. मग म्हणाल्या, "उद्या सही करून आलीस तं रांधीन. पन पोरीला वाढायचा तू. तुजे हातानी."
त्यांनी बादलीवर ओलं गोणपाट टाकलं. उद्या संध्याकाळपर्यंत जगतील म्हणाल्या.