शिळं पाणी

३ ऑगस्ट १९९७, रविवार

बस झालं. आजपासून माशांची टाकी माझ्याकडे.

मामांचं काम म्हणजे तांब्याभर पाणी काढायचं, तांब्याभर घालायचं – झालं. आणि घालायचं ते कुठलं? गॅलरीत दोन बादल्या भरून ठेवतात, परवाच्या, तेरवाच्या. शिळं पाणी! माझ्या आईनं जन्मभर सकाळी उठून आधी शिळं पाणी ओतलं, मग चूल पेटवली. मीही तेच करते. मामा ह्यांचे वडील, म्हणून मी इतके दिवस गप्प होते. त्यात पावसाळा, घरोघरी मलेरिया.

चारी मासे पातेल्यात काढले, टाकी रिकामी केली, काच घासून लख्ख केली आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. वैष्णवी खूश. तिच्या वाढदिवसाचे मासे आहेत, लालभडक. ती रोज शाळेतून आली की दप्तरासकट टाकीसमोर उभी राहते.

५ ऑगस्ट

मासे कोपऱ्यात बसून आहेत. नवीन वाटत असेल.

१० ऑगस्ट, रविवार

मासे फिकट पडलेत. उकडलेल्या गाजरासारखे दिसतात. म्हणजे पाणी घाण झालं असणार – परत सगळं बदललं. पाठ मोडली.

मामा मोरीच्या दारात उभे. "शालन, नळाच्या पान्याला जरा बसू द्यावं. त्यो दुकानवाला म्हनत हुता..."

मी म्हटलं, पाणी काय पाहुणा आहे का, बसायला?

वैष्णवी हसली. मामापण हसले थोडे. मग गॅलरीत जाऊन बसले.

सासूबाई गेल्या तेव्हापासून, म्हणजे गेल्या दिवाळीपासून इथेच आहेत. वाईट माणूस नाही. पण दिवसभर काहीतरी करत राहतात आणि ते निस्तरायचं मी.

१२ ऑगस्ट

समोरची शर्मिला म्हणते नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळा. माशांना नजर! मग कोळणीच्या पाटीकडे तर अख्खी ऐरोली बघते.

१४ ऑगस्ट

सिलेंडरच्या मागे, गोणपाटाखाली – भरलेली बादली! लपवून ठेवलेली! ह्या वयात चोरून पाणी साठवतात. तिथल्या तिथे मोरीत ओतली. मामा बघत होते.

१७ ऑगस्ट, रविवार

आज पाणी बदललं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, शेपट्या पांढऱ्या पडल्यात. मी मरमर करते आणि रंग काही येत नाही. डोकं उठलं.

संध्याकाळी मामांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात तुरटीचा खडा. तेव्हा उजेड पडला! गावाला विहिरीचं पाणी गढूळ आलं की त्यात तुरटी फिरवतात. मामा माझ्या पाठीमागे टाकीत तुरटी फिरवतात, म्हणून रंग उडतोय.

मी सगळं बोलले. मामा म्हणाले, "दाडीची हाय ती. कापलं की लावतो." मी म्हटलं, मग दाढी काय खिशात करता? तुमच्यामुळे पोरीचे मासे मरणार आहेत. वैष्णवीच्या देखत बोलले. हे पेपरात तोंड घालून बसले.

१८ ऑगस्ट

मामा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

२० ऑगस्ट

मामा गावाला गेले. "घर बगून येतो," म्हणाले. पत्र्याची ट्रंकपण नेली. घर बघून यायला ट्रंक कशाला लागते?

ह्यांनी हायवेवर एसटीत बसवून दिलं. आल्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. राहू दे. निदान मासे तरी सुधारतील आता.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी पाणी बदललं. तुरटी नाही, बादल्या नाहीत, मामा नाहीत. आणि संध्याकाळी एक मासा उलटा तरंगत होता. बाकी तिघांचा रंग पार गेलाय.

वैष्णवी रडून झाल्यावर म्हणाली, "आई, आता तर आजोबा नव्हते ना?"

मी ओरडले तिच्यावर. अभ्यास कर म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

उद्या दुकानात जाऊन विचारते.

२५ ऑगस्ट

माशांचा दुकानदार पोपट म्हणाला, "नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवता ना बादलीत? जंतू मारायचं औषध असतं ताई त्यात, ते उडून जायला पाहिजे. आणि सगळं पाणी एकदम काढायचं नाही, थोडं थोडं बदलायचं. नाहीतर माशाचा आधी रंग जातो, मग जीव जातो."

मी म्हटलं, मग हे आधी नाही का सांगायचं?

"तुमच्या बाबांना सांगितलंय की मी सगळं. दर आठवड्याला येऊन विचारतात – पोरीचं मासं हायती म्हणतात, काय कमीजास्त व्हायला नको."

घरी कशी आले माझं मला माहीत. दर रविवारी मीच विष ओतत होते. आणि मामा गोणपाटाखाली बादली लपवून वैष्णवीचे मासे जगवायला बघत होते. मला लाज वाटते. इथे लिहितानासुद्धा वाटते.

२७ ऑगस्ट

गॅलरीत दोन बादल्या भरून ठेवल्यात. आज सकाळी सवयीनं हात ओतायलाच गेला होता.

एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला. मामांना बोलावून आणेपर्यंत दहा मिनिटं थांबले, परत लावला. माझं चुकलं, असं म्हणायचं ठरवून गेले होते. पण मामाच आधी बोलले, "मासं किती ऱ्हायलं?"

तीन, म्हटलं. मग रडतच सगळं सांगितलं. परत या म्हटलं. वैष्णवी वाट बघते, मीपण बघते म्हटलं.

"येईन की," म्हणाले. "चार दिस. पाहुना म्हनून."