गॅलरीतलं ड जीवनसत्त्व

१२ जुलै
लोणावळेकर बंधू-भगिनींनो, पुण्या-मुंबईचे लोक गाड्या भरभरून आपलं धुकं बघायला येतात, भजी खातात आणि आपापल्या उन्हात परत जातात. धुकं राहतं आपल्या हाडांत. हा अन्याय किती सोसायचा?
(सभेची सवय. वहीतही सुटत नाही.)
आज रक्ताचे रिपोर्ट आले. बायकोचं, म्हणजे यशोधराचं, आणि माझं, दोघांचंही ड जीवनसत्त्व तळाला. गुडघेदुखीचं मूळ सापडलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितलंय. यशोधराने घरी येताच घेतली. मी माझ्या पुड्यांचं पाकीट कपाटात टाकलं. सूर्य फुकट असताना पुडी घेणं हा वैचारिक पराभव आहे.
ऑक्टोबरात बेडशाच्या बुद्धविहारात वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या ग्रंथवाचनाचा, समारोप. दरवर्षीप्रमाणे भाषण माझं. तासभर, उभ्याने. आजवर खुर्ची घेतली नाही. यंदाही नाही.

१३ जुलै, सकाळी ७
संकल्प : रोज कोवळं ऊन. स्थळ : गॅलरी. पावसाचा मारा नको म्हणून पूर्वीच काचा बसवून घेतल्या होत्या. दूरदृष्टी. ऊन आत, पाऊस बाहेर.
आज ऊन नव्हतं. तरी बसलो. शिस्त महत्त्वाची.

२ ऑगस्ट
ऊन नाही. स्वेटर, मफलर, कानटोपी घालून बसलो. यशोधरा म्हणाली, किरणांना शिरायला नाक तेवढं मोकळं ठेवलंय वाटतं. समाजसुधारकांना घरातून विरोध होतोच.

१७ ऑगस्ट, रविवार
बेडशाला ग्रंथवाचनाला गेलो. वाचन संपल्यावर ड जीवनसत्त्वावर बोललो. विषय तो नव्हता, पण निकड होती. म्हणालो, सूर्याच्या सातबाऱ्यावर कोणा पाटलाचं नाव नाही, ऊन सर्वांचं आहे. टाळ्या.
कस्तुराबाई, विहारामागे यांची भातखाचरं, म्हणाल्या, भाऊ, ऊन लय गुणाचं, पर तुमी आमच्यावानी खाली का बसत न्हाई? सांगितलं की वक्त्याने उंचावर असावं. त्यावर म्हणाल्या, व्हय, पर उंचावरनं उठाया दोघं लागत्यात. बाया हसल्या. प्रबोधनाला वेळ लागतो.
निघताना विहार समितीचा सचिव राजेंद्र म्हणाला, समारोपाला खुर्ची ठेवू का, आणि थोडा वेळ कोमलला देऊ का. कोमल शिरगावच्या शाळेत शिकवते, बरं बोलते म्हणे. म्हटलं, खुर्ची दिसली तर मी येणार नाही. तो म्हणाला, बरं भाऊ, आणि कोमलचं? मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१० सप्टेंबर
ऊन! अखेर. सातला गॅलरीत. काच नुसती सोन्याची. घाम फुटला, म्हणजे ड आत गेलं.
अकरा वाजता यशोधरा ओल्या गोधड्या घेऊन गच्चीवर निघाली, बाह्या दुमडून. म्हणाली, तुम्हीपण चला. समजावून सांगितलं : दुपारचं ऊन गोधड्यांना, कोवळं ऊन माणसांना. शिवाय गच्चीला जिना आहे.

२४ सप्टेंबर
पुन्हा तपासणी. यशोधराचं चढलं. माझं उतरलं. लॅबची चूक.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ऊन कुठे घेता? सांगितलं. त्या म्हणाल्या, काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ज्या किरणांनी ड तयार होतं ती बाहेरच अडतात. आणि सातचं ऊन तिरकं, त्याचा उपयोग फार थोडा. अकराच्या पुढे जा, हातपाय उघडे ठेवून. तरी तुमचं इतकं कमी आहे की पुडी हवीच.
मी म्हणालो, कोवळ्या उन्हावर लोकांची पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही तर अशा श्रद्धांविरुद्ध भाषणं करता ना?
मुद्दा विषयाला सोडून होता. गच्ची मान्य. पुडी अमान्य.

५ ऑक्टोबर
गच्चीवर दोनदा गेलो. एकदा ढग होते. एकदा ऊन फार होतं, म्हणून टाकीच्या सावलीत बसलो. तयारी पूर्ण.

७ ऑक्टोबर, संध्याकाळ
समारोप. विहार भरलेला. उभा राहिलो, माईक धरला, पहिलं वाक्य दमदार गेलं. दुसऱ्याला गुडघ्यात कळ आली. माईकचा दांडा माझ्यासकट वाकला. राजेंद्रने मागून खुर्ची सरकवली. इतक्या झटपट, की ती आधीपासून तिथेच असावी.
बसलो. बसून मला बोलता येत नाही, हे आज कळलं. राजेंद्रने कोमलला उभं केलं. ती म्हणाली, कोणी सांगतं म्हणून मानू नका, तपासून बघा, आणि चुकलो असं दिसलं तर सोडून द्या. साधं बोलली. टाळ्या थांबेनात. माझ्या वेळी माईक खराब होता.
मग सगळे पायथ्याशी चपला काढून डोंगरावरच्या लेण्यांकडे चढायला निघाले. दरवर्षी मी पुढे, यशोधरा मागे धापा टाकत. आज ती कस्तुराबाईंशी गप्पा मारत चढत होती. मधल्या वळणावर थांबून तिने मागे पाहिलं. मी पायथ्याशी, खुर्चीत. तुम्ही व्हा पुढे, अशी खूण केली, जसं काही मला इथेच काम आहे. वरून कस्तुराबाई ओरडल्या, भाऊ, बसलायसाच तर चपलांकडं बघा.
बघितलं. एकही गेली नाही.
घरी आल्यावर दूध मागितलं. कशाला, असं यशोधराने विचारलं नाही, याबद्दल तिचे जाहीर आभार.
तेव्हा बंधू-भगिनींनो, डॉक्टरांनी दिलेली पुडी कपाटात पडली असेल, तर आत्ता उठा आणि घ्या.