डाव्या गुडघ्याचा दाखला

प्रिय भिंगरी,

काकू गेल्याचं कळल्यावर तू फोन केलास, तेव्हा मी नीट बोललो नाही. तू विचारत होतीस, सर, वेळेवर जेवता ना, औषधं घेता ना, आणि मी नुसतं हो हो करत राहिलो. फोनवर मला कधीच बोलता आलं नाही हे तुला माहीत आहे. मैदानावर हातात शिट्टी असायची आणि घरात तुझी काकू होती, त्यामुळे माझं काम भागत होतं. आता तिला जाऊन साडेतीन महिने झाले. इतक्या वर्षांनी तुला जुन्या नावाने हाक मारतोय, रागावू नकोस. चेंडू पायात आला की आधी एक गिरकी घ्यायची तुझी खोड होती, म्हणून मीच ठेवलेलं नाव. हल्ली तू टीव्हीवर दिसतेस, दंडावर कर्णधाराची पट्टी असते, समालोचक तुझं नाव आडनावासकट घेतो. गिरकी मात्र तीच आहे.

आम्ही अजून तिथेच राहतो, क्लबच्या प्रेक्षक-गॅलरीखालच्या दोन खोल्यांत. वर पायऱ्या असल्यामुळे आमचं छत एका बाजूला उतरतं आणि पलंगाकडे जाताना वाकावं लागतं, ते तुला आठवत असेल. तुम्ही पोरी पाणी प्यायला यायचात तेव्हा प्रत्येकीने तिथे एकदा तरी डोकं आपटून घेतलं आहे. सामना असला की आमच्या डोक्यावर दोन तास पाय वाजतात. काकू म्हणायची, लोकांना वरचा मजला मिळतो, आपल्याला वरच्यांचे पाय मिळाले. तिचं शिवणयंत्र खिडकीपाशी आहे तसंच आहे. सगळ्या संघाच्या जर्सीवरचे आकडे तिनेच शिवले. आता आकडे छापून येतात. तरी एखाद्या पोरीची जर्सी शिवणीत उसवली की ती अजून दारात येते, आणि मी सांगतो की काकू नाही. मग ती सॉरी सर म्हणून मागच्या मागे पळते.

माझी मुलगी आई आजारी पडली तेव्हा परत राहायला आली, ती इथेच आहे. पहाटे पार्सलच्या गोदामात जाते, दुपारी येते, परवापरवापर्यंत संध्याकाळी एकटीच मागच्या भिंतीवर चेंडू मारत असायची. आमचं बोलणं कसं चालायचं ते तुला सांगितलं तर हसशील. नऊ वर्षं ती माझ्याशी आईमार्फत बोलली. मी हाताच्या अंतरावर बसलेला असायचो आणि ती म्हणायची, आई, बाबांना सांग, भात गरम आहे तोवर जेवून घ्या. मग मीही काकूलाच सांगायचो, तिला सांग, आलो. काकू पोळी लाटता लाटता म्हणायची, मला टपाल खात्यात नोकरी लावा, पगार तरी मिळेल. आता तीच नाही. पोरगी ताट टेबलावर ठेवते आणि आतल्या खोलीत निघून जाते. चमच्यांचा आवाज होतो तेवढाच.

हे बोलणं का थांबलं, त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी तुम्ही दोघी सोळा वर्षांच्या होतात. मोठ्या अकादमीचे निवड करणारे ज्या स्पर्धेला येणार होते, तिची वीस जणींची यादी मी आठ दिवस आधी पाठवली होती. तिच्यात माझी मुलगी होती आणि तू नव्हतीस. सरळ सांगतो, भिंगरी, तू चांगली होतीस, ती तुझ्यापेक्षा चांगली होती. तू तिघींना चुकवून मग बघायचीस की आता काय करायचं. ती चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघायची आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू बरोबर जागी जायचा. मी तीस वर्षं पोरींना शिकवलं. ते मान वळवणं मी कुणालाही शिकवू शकलो नाही, आणि तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

पण ती माझी होती. मैदानावर मला बाबा म्हणायचं नाही असा मी नियमच केला होता. ती सर म्हणायची, तरी काही उपयोग झाला नाही. तुम्हीच तिचं नाव 'सरांची' पाडलंत. सरांची आली, सरांचीला पास द्या गं, नाहीतर आपल्याला पळायला लावतील. ती तुमच्याबरोबर हसायची आणि घरी आल्यावर बूट जरा जास्तच जोरात आपटायची. पालकांच्या बाकावर तो स्कूलबसवाला बसायचा, बचावात खेळणाऱ्या उंच पोरीचा बाप. यादी लागली त्या दिवशी मला ऐकू जाईल असं म्हणाला, घरचंच दुकान आहे हो, आवडेल तो माल घरी न्यायचा.

आणि दोन दिवसांनी तुझ्या मामांचा फोन आला. ते तेव्हा क्लबचे अध्यक्ष. ते ओरडले नाहीत, धमकीही दिली नाही. म्हणाले, सर, भाचीचं राहिलं वाटतं. बघा काही जमतं का. लोकही जरा बोलतायत तुमच्याबद्दल, मला ते बरं वाटत नाही. शेवटी सहज विचारलं, तुमची मुदतवाढ याच महिन्यात आहे ना? माझी नेमणूक वर्षावर्षाची होती आणि या दोन खोल्या नेमणुकीबरोबरच मिळालेल्या. मी म्हणालो, हो साहेब. एवढंच संभाषण.

यादी एकदा गेली की बदल फक्त दुखापतीसाठी करता येतो, हे तुला आता माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आणि किरकोळ मुरगळ चालत नाही, डॉक्टरचा दाखला लागतो. क्लबचे म्हातारे डॉक्टर न तपासता सही करायचे. मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आहे, आणि त्यांनी शिक्का मारला. मग घरी येऊन पोरीला पलंगावर बसवलं आणि तिच्या धडधाकट गुडघ्याला मी माझ्या हाताने पट्टा बांधला. म्हणालो, एवढी एकच स्पर्धा, पुढच्या वर्षी तूच. तिने विचारलं, बाबा, मी काही चुकले का? मी म्हणालो, नाही, घट्ट होतोय का ते सांग. तिने थेट मला विचारलेलं ते शेवटचं.

मी स्वतःला समजावलं की लोकांची तोंडं बंद करायला हे केलं. बसवाल्याने दुसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, सर, वाईट वाटलं हो पोरीचं. मला चक्क बरं वाटलं. टोमणाही गेला आणि मुदतवाढही झाली. तिची जर्सी उसवून आकडा तुझ्या जर्सीवर शिवायला मी काकूकडे दिली, तेव्हा काकूने खिडकीतून पोरीला पायऱ्या दोन-दोन करत चढताना पाहिलं. तिने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, पोरीचा गुडघा ठणठणीत आहे. तुमच्या कण्याचा दाखला काढून आणा. त्यावर ती पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही. आकडा मात्र तिने शिवला, कारण तुझ्यावर तिचा राग नव्हता.

त्या संध्याकाळी तुम्ही दोघी कपडे बदलायच्या खोलीमागे होतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. तिने पट्टा काढून मोज्यात कोंबला आणि तासभर तुझ्याबरोबर पळाली. कॉर्नरच्या वेळी कुठे उभं राहायचं, कधी पुढे झेपावायचं, आपली सगळी जागा ती तुला शिकवत होती. मी पडदा ओढून घेतला. नंतर तू मला गाठून विचारलंस, सर, हिचा गुडघा तर बरा दिसतोय? मी म्हणालो, तू तुझा खेळ बघ. तू मान खाली घातलीस. ती मान मी खाली घालायला हवी होती.

पुढचं तुला माहीत आहे. त्या स्पर्धेत तू तीन गोल केलेस, दोन कॉर्नरवर. तुला अकादमी मिळाली, चांगलं मैदान, चांगले प्रशिक्षक, आहार सांगणारी बाई, सगळं मिळालं, आणि तू त्याचं सोनं केलंस. आज तू तिच्यापेक्षा चांगली खेळतेस, यात शंका नाही. नऊ वर्षं कुणी कुठे काढली त्याचा तो फरक आहे. पुढच्या वर्षी निवड करणारे आलेच नाहीत. तिच्या नावापुढे लिगामेंट लिहिलेलं पाहून नंतरही कुणी बोलावलं नाही. ती गोदामाच्या संघातून खेळली, मग एका कारखान्याच्या, दर रविवारी, खड्ड्यांच्या मैदानावर. मी एकदाही बघायला गेलो नाही. काकू जायची आणि घरी येऊन कुणालाच उद्देशून नाही असं सांगायची, आज दोन मारले.

यंदा एका मोठ्या क्लबच्या माणसाने तिला त्याच खड्ड्यांच्या मैदानावर पाहिलं आणि ट्रायलला बोलावलं. ती पंचवीस वर्षांची आहे, आता पुन्हा कुणी बोलावणार नाही. तीन दिवसांची ट्रायल ती पास झाली. तिथे तिला विचारलं, या खेळात कुणी ओळखीचं आहे का? ती नाही म्हणाली. तुझंही नाव घेतलं नाही, माझंही नाही. मला तर ट्रायलचाच पत्ता नव्हता, हे सगळं नंतर त्यांच्या कार्यालयात कळलं. तिच्या मनात आईला आधी सांगायचं असेल, आणि आई तोवर गेली.

करार करण्यापूर्वी फॉर्ममध्ये एक रकाना असतो, आधीची गंभीर दुखापत. तिने लिहिलं, नाही. क्लबने जुन्या नोंदी मागवल्या, तर त्यात माझ्या हस्ताक्षरातला तो दाखला निघाला. गुडघा तपासला तर स्वच्छ. म्हणजे एकतर पोरगी काही लपवते आहे, नाहीतर तेव्हा खोटा दाखला दिला होता, आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी अशी खेळाडू त्यांना नको. त्यांनी तिला खुलासा विचारला. ती फक्त म्हणाली, मला दुखापत नव्हती. त्यापुढे बोलायचं म्हणजे बापाचं नाव घ्यावं लागलं असतं. ते तिने घेतलं नाही.

मग त्यांच्या कार्यालयातून एका मुलीचा मला फोन आला, तेव्हाचे प्रशिक्षक म्हणून. तिने विचारलं, सर, अमुक खेळाडूची ही नोंद बरोबर आहे का? माझ्याच मुलीचं नाव तिने घेतलं, आणि मला काय वाटलं असेल सांग. मला वाटलं, माझी चौकशी सुरू झाली. इतक्या वर्षांनी पकडलं. तोंडून निघून गेलं, नोंद आहे म्हणजे बरोबरच असणार. ती थँक्यू म्हणाली आणि फोन ठेवला. परत फोन करावा असं एकदा वाटलं. केला नाही.

चार दिवसांनी दुपारी पोरगी गोदामातून आली. हातात मोबाईल होता, करार थांबवल्याचा क्लबचा निरोप आलेला. दारातच उभी राहिली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. बाबा, तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत? एवढंच. रडली नाही, आवाज चढवला नाही. आत गेली. त्या दिवसापासून चेंडूचा आवाज बंद आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कार्यालयात गेलो. सगळं लिहून, सही करून नेलं होतं, खोटा दाखला मी केला, पोरीचा दोष नाही, माझ्यावर काय ती कारवाई करा. प्रशिक्षकाचा परवाना जाईल, या खोल्या जातील, जाऊ देत. ती कार्यालयातली मुलगी वाईट नव्हती. तिने मला पाणी दिलं, कागद दोनदा वाचला. म्हणाली, काका, गेल्या आठवड्यात तुम्ही हो म्हणालात, आज नाही म्हणताय. मधे एवढंच झालं की तुमच्या मुलीचा करार अडला. आमचे साहेब मला विचारतील, बाप दुसरं काय लिहिणार? मी म्हटलं, सही करणारे डॉक्टर वारले. ती म्हणाली, मग त्या वेळचं दुसरं कुणी? घरचं सोडून?

म्हणून हे पत्र. भिंगरी, तू त्यांना लिही की तिने तासभर पळून तुला शिकवलं, पट्टा मोज्यात होता, तू सरांना विचारलंस आणि सरांनी तुला गप्प केलं. मामांचं नाव घालू नकोस, ते आता थकलेत. सगळं माझ्यावर टाक, ते माझंच आहे. यात तुझंही काही जाईल हे मला कळतं. तुझी सुरुवात कुठून झाली ते लोक बोलतील, टीव्हीवाले विचारतील, आणि त्यांना उत्तर द्यायला मी तिथे नसेन. मी वशिला मागतोय असं तुला वाटलं तर वाटू दे, मला त्याची लाज धरायची सोय राहिलेली नाही. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांची खेळाडूंची यादी शुक्रवारी चार वाजता बंद होते, आज सोमवार आहे. पत्ता आणि त्या मुलीचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. काकू असती तरी तिचं म्हणणं धरलं नसतं, ती आई. तो गुडघा बरा असलेला पाहिलेलं, आमच्या घराबाहेरचं, तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझाच, तुला गप्प करणारा,
सर