कीबोर्डला हात लावू नये

१० नोव्हेंबर, सोमवार
एक कोडं सर्वांनीच पाहिलेलं असतं. सेटिंग बदलावं, सेव्ह करावं, तरी मशीन जुन्याच पद्धतीनं चालत राहतं. का? हे मी शुक्रवारी निवड समितीला समजावणार आहे. विद्यानगरच्या या कॉलेजात सात वर्षं तात्पुरता आहे आणि करार महिनाअखेर संपतो. कायम जागा एक, उमेदवार दोन: मी आणि समोरच्या टेबलावरची स्वाती. मी स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिला आहे. तिनं स्लाइड्स केल्या आहेत. निकाल उघड आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
विषय मुळात सोपा. प्रोसेसरच्या रजिस्टर नावाच्या कप्प्यात सेगमेंटचा, म्हणजे मेमरीच्या एका तुकड्याचा, क्रमांक भरायचा आणि तिथून किती पुढे ते सांगायचं. जसं, केलगेरी तळ्यापासून चौथं घर. सेगमेंट कुठे सुरू होतो, त्यात कोड आहे की डेटा, हे एका कोष्टकात असतं. जुन्या कोष्टकात आधी कोड, मग डेटा. हे शिस्तीला धरून नाही. आधी सामान, मग स्वयंपाक. क्रम उलटा करून नवं कोष्टक लावलं. कर्नल उत्तम चालतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चुकून एक की दाबली गेली. मशीन रीस्टार्ट. कीबोर्ड खराब आहे.
स्वातीनं विचारलं, सर, कोष्टक बदलल्यावर सेगमेंट रजिस्टर पुन्हा भरलंत का. तिला चाळीस मिनिटं सर्व काही मुळापासून समजावलं. बरं सर, म्हणाली, पण भरलंत का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार. रात्री ८
दुर्गदबैलच्या बाजारातून नवा कीबोर्ड आणला. तोही खराब. घरी बायको, मंगला, म्हणाली, अहो, दोन्ही कीबोर्ड बिघडले आणि तुम्ही तेवढे बरे? तिला सांगितलं, हात न लावता कर्नल सलग अकरा तास चालला आहे. मग कीबोर्ड आणलात कशाला, म्हणाली. हिला तांत्रिक पार्श्वभूमी नाही.
उपाय सापडला. कीबोर्डवर सूचना चिकटवली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
विवेचन अप्रतिम झालं. प्रोसेसर दर वेळी कोष्टक उघडत नाही. रजिस्टर भरताना एकदाच वाचतो आणि तेच लक्षात ठेवून चालतो. म्हणून कोष्टक बदललं, तरी त्याच्या लेखी जुनंच खरं. विभागप्रमुख वादिराज सर कानडीत म्हणाले, छलो ऐति, छान आहे. आणि सूचना न वाचता एंटर दाबलं.
रीस्टार्ट. पुन्हा दाबलं. पुन्हा रीस्टार्ट. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघत दाबलं.
स्वाती बसल्या जागेवरून म्हणाली, की दाबली की प्रोसेसर हातातलं काम सोडून जातो. परतताना जुनाच क्रमांक नव्या कोष्टकात बघतो, आणि कोडच्या जागी त्याला डेटा मिळतो. मग उठून तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर रजिस्टर पुन्हा भरणाऱ्या चार ओळी टाइप केल्या आणि कर्नल मशीनवर नव्यानं चढवला. वादिराज सरांनी एंटर दाबलं. चाललं.
म्हणजे तिनं माझंच विवेचन वापरलं. समितीच्या ते लक्षात आलं असणारच. निकाल आणि नवं टाइमटेबल सोमवारी नोटीस बोर्डवर. मला बघायची गरज नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नऊ वाजता नेहमीप्रमाणे खोली क्रमांक चार. हजेरी सुरू केली. सात नावं झाली. मुलं दाराकडे बघत होती. दारात स्वाती, हातात नवं हजेरीपुस्तक. हळूच म्हणाली, सर, बोर्ड पाहिला नाहीत का.
कोष्टक बदललं आहे की नाही, याची चाचणी सोपी आहे. कोणालाही करता येईल. नेहमीच्या वर्गात जावं, हजेरी घ्यावी, आणि कोणी 'येस सर' म्हणतं का ते ऐकावं.