दुसऱ्या बाजूची शिंक

तीर्थस्वरूप मामा,

पत्रातूनच साष्टांग नमस्कार घालतो, कारण प्रत्यक्षात वाकलो की उठवायला दुसरा माणूस लागतो. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींना झोप लागते का? आई ठणठणीत आहे आणि धाकट्या भावाची, म्हणजे तुमची, रोज आठवण काढते. माझ्या चुका हेरण्याइतकी तिची नजर शाबूत आहे (चष्मा मीच करून दिलाय, तक्रार कुणाकडे करणार).

तुमचं पत्र मिळालं. येत्या रविवारी तुम्ही जातीने टेम्पो घेऊन येणार आणि माझ्या सगळ्या रेकॉर्ड भंगारात घालणार, हे वाचून आनंद झाला असं लिहिणार होतो. पण वडीलधाऱ्यांशी खोटं बोलू नये. माझी झोप उडाली आहे. तक्रार तुमच्या भाचेसुनेने केली हे मला ठाऊक आहे, आणि तिचंही चुकत नाही. कपाटातली पांघरुणं पलंगाखाली गेली, पलंगाखालच्या बॅगा गॅलरीत गेल्या, आणि गॅलरीत आता उभं राहायचं तर आधी ठरवून जावं लागतं. शिवाय तुम्ही वजनमापे खात्यात हयात घालवलेली. मापाबाहेरचं काही तुम्हाला खपत नाही, आवाज तर नाहीच. मी शाळेत असताना माझी गिटार तुम्ही कपाटावर टाकलीत. ती अजून तिथेच आहे. हल्ली तिच्यात एक पाल राहते आणि माझ्यापेक्षा बरी वाजवते.

पण रविवारच्या आत हे सगळं सुरू कसं झालं ते सांगू द्या. माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर तळघरात जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे. मालकाला सगळे दाढी म्हणतात. त्याला मी जवळचं वाचायचा चष्मा करून दिला, आणि तो लावून त्याने पहिल्यांदाच आपल्या रेकॉर्डवरची बारीक अक्षरं वाचली. त्या भरात त्याने मला खाली नेऊन बसवलं ते बसवलंच. गॅरेज रॉक म्हणजे, मामा, चार पोरं गाडी बाहेर काढतात, तिच्या जागी स्वतः उभी राहतात आणि शेजारी येऊन दार ठोकेपर्यंत वाजवतात. (दार ठोकल्याचा आवाजही कधीकधी रेकॉर्डमध्ये सापडतो, आणि दाढीच्या मते तो तालात असतो.) ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे हीच पोरं जरा मोठी झाल्यावर, कशातच मन लागेनासं झाल्यावरची. नावाजलेल्या मंडळींशी दाढीला काही कर्तव्य नाही. ज्यांच्या मोजक्याच प्रती निघाल्या आणि त्यातल्याही निम्म्या वाजवणाऱ्यांच्या आयांनीच घेतल्या, असे अल्बम तो धुंडाळतो. त्यांत चुका तशाच ठेवलेल्या असतात. एकात कुणीतरी खुर्ची पाडलीय. एकात गाणाऱ्याला पुढची ओळ आठवत नाही, तर तो शांतपणे गुणगुणत वेळ मारून नेतो. मी दिवसभर लोकांना ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ असं विचारणारा माणूस. मला धूसर काहीतरी आवडलं, याचं मलाच नवल वाटलं.

फजिती व्हायची ती झालीच. एक अल्बम मी कित्येक दिवस भक्तिभावाने ऐकला. गाणारा खचलेला, जाड्या आवाजाचा, प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढणारा. मी दाढीला म्हणालो, या माणसाने फार सोसलंय. त्याने विचारलं, कुठल्या स्पीडवर लावतोस? निघालं असं की ती एक अल्लड मुलगी होती, फार खुशीत होती, आणि मी तिला इतके दिवस कमी वेगात फिरवत होतो. (आता योग्य वेगात ऐकतो. खरं सांगायचं तर तो दुःखी माणूसच बरा होता.) दुसऱ्या एका अल्बमच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू सहानुभूतीने मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला घेऊन वर आल्या. त्याने दारातच कान देऊन सांगितलं की मोटर गेली आहे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात दाढीच्या अगदी तळच्या खोक्यात एक रेकॉर्ड मिळाली. बँडचं नाव ‘तिसरा गिअर’. कव्हरवर चार पोरं पाठमोरी उभी आहेत, त्यातल्या एकाचे कान बरेच बाहेर आलेले. आतल्या चिठ्ठीत नावं नाहीत, फक्त दुसरा अल्बम लवकरच येत असल्याचं लिहिलंय. दाढी म्हणतो, तो कधी आलाच नाही. घरी आणून लावली. मामा, ड्रम वाजवणारा त्यात इतका बेभान आहे की मी चष्मा काढून ऐकत बसलो. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपतं, क्षणभर शांतता, आणि मग कुणीतरी शिंकतं. तीन बारक्या, मग थोडा विसावा, मग एक अशी की कपाटाच्या काचा हलाव्यात. आणि त्यापाठोपाठ आवाज येतो, “चला, आटपा.”

आई आतून अर्धी वेणी हातात धरून बाहेर आली आणि म्हणाली, “बाळ्या आला? कळवायचं तरी.” आणि तुमच्यासाठी चहाचं आधण ठेवायला वळली.

मी तिला बसवून तो तुकडा परत ऐकवला. ती तडक उठली. स्वयंपाकघरात जाऊन वरच्या फळीवरचा पिठाचा जुना डबा घेऊन आली, ज्याच्या झाकणाला पोचे आहेत (ते पडून पडून झालेत असं मला लहानपणापासून सांगण्यात आलंय), आणि तो मांडीवर घेऊन झाकणावर बोटांनी ताल धरत बसली. मला तुमचा राग यायला हवा होता, त्या गिटारीपायी. आला नाही. तुमच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि फार अभिमानही वाटला.

तेव्हा रविवारी जरूर या. भंगाराचं आल्यावर ठरवू. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : मामींना मी काही बोललेलो नाही. मात्र फोनवर त्या सहज म्हणाल्या की तुमच्या माळ्यावर जुन्या गादीत खात्याची बाद झालेली वजनं बांधून ठेवली आहेत, तुम्ही कुणाला हात लावू देत नाही, आणि उंदीर फिरला की ती वजनं छान झणझणतात.

आणखी एक : त्या वजनांजवळ एखादी टेप सापडते का बघाल? दुसऱ्या अल्बमची. खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. दाढी तर रोज विचारतो. तुमची भाचेसूनही म्हणाली की ती टेप आली तर पांघरुणं पलंगाखाली राहिली तरी चालतील.

शेवटचं : आईने पत्र वाचायला मागितलं, आणि आता पेनही मागते आहे.

बाळ्या, आपले बाबा गेले तेव्हा नोकरी धर असं मी म्हणाले होते. वाजवणं सोड असं तुला कुणीच म्हटलं नव्हतं. टेम्पो आणतोच आहेस तर रिकामा आणू नकोस. — ताई