स्वतःला नापास करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (अनुरूपता चाचणी),
उद्वाहन सुरक्षा कार्यालय,
सातवा मजला.

विषय : अर्जदाराने तयार केलेला व आपल्या कार्यालयाने उत्तीर्ण ठरविलेला एम्युलेटर कृपया अनुत्तीर्ण ठरवून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले मंजुरीपत्र, चार वर्षांपूर्वीचे.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, एकूण पाच.
३) सदर पाच अर्जांना मिळालेले उत्तर, एकूण एक, तेही अभिनंदनाचे.

महोदय,

१. अर्जदार हा लिफ्टच्या कंट्रोल बोर्डांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे नोकरीस असून आपल्याकडील मान्यताप्राप्त परीक्षक क्रमांक ११७ आहे. लिफ्टच्या बोर्डावर एक प्रोसेसर असतो. प्रत्येक बोर्ड खऱ्या लिफ्टला लावून ती हजार वेळा अडकवून पाहणे कोणाच्याच आवाक्यातले नसल्याने अर्जदाराने त्या प्रोसेसरची संगणकावर चालणारी नक्कल, म्हणजे एम्युलेटर, लिहिला. या नकली प्रोसेसरला आपण खऱ्याच लिफ्टमध्ये आहोत असे वाटावे म्हणून बटणे, दरवाजा, मोटर, घंटा ही त्याच्या भोवतीची उपकरणेही अर्जदाराने नकलीच उभी केली. थोडक्यात, अर्जदार एका चिपला फसवण्याची नोकरी करतो आणि आजवर ती त्याने प्रामाणिकपणे केली आहे.

२. वीज वाचावी म्हणून लिफ्ट दहा मिनिटे हलली नाही की सदर प्रोसेसर झोपी जातो. बटण दाबले की उठतो. कधीकधी उठत नाही. माणसांचेही तसेच आहे. त्यासाठी त्याच चिपमध्ये वॉचडॉग नावाचे एक छोटे घड्याळ असते. हा राखणदार. प्रोसेसर गप्प पडला की चार सेकंदांत त्याला गदगदा हलवून पहिल्यापासून सुरू करायचे, एवढेच त्याचे काम. अर्जदाराने एम्युलेटरमध्ये हा राखणदार मोठ्या निष्ठेने लिहिला. प्रोसेसर झोपला तरी हा टक्क जागा. खऱ्या चिपमध्ये मात्र मालक झोपला की राखणदारही झोपतो. चिपच्या माहितीपुस्तकात पान एकशे अठरावर तळटीपेत तसे स्वच्छ छापलेले आहे. अर्जदाराने पान वाचले होते, तळटीप वाचली नव्हती. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची असून ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारण्याचा त्याचा विचार नाही.

३. या चुकीमुळे नकली राखणदार प्रोसेसरला दर वेळी उठवत राहिला आणि चाचणीत धोक्याची घंटा हजारपैकी हजार वेळा वाजली. आपल्या कार्यालयाने बोर्ड उत्तीर्ण केला आणि खूश होऊन एम्युलेटरलाही 'आदर्श एम्युलेटर' म्हणून मंजुरी दिली. आज तो बोर्ड तीनशे बारा इमारतींत आहे. त्यांपैकी एका इमारतीत पाचव्या मजल्यावर अर्जदाराची सख्खी आत्या एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

४. चार महिन्यांपूर्वी दुपारी अडीच वाजता आत्या लिफ्टने वर जात असताना लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध थांबली. मोबाइल घरी चार्जिंगला होता. आत्यांनी लगेच घंटा दाबली असती तर ती वाजली असती, कारण त्या वेळी प्रोसेसर जागा होता. पण आत्यांनी ती दाबली नाही. दुपारची वेळ, लोक आडवे झालेले असतील, आपल्या एकटीपायी सगळ्या इमारतीची झोपमोड कशाला, असा विचार करून त्या पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दहाव्या मिनिटाला प्रोसेसर झोपला. त्याच्या मागोमाग राखणदार. पंधराव्या मिनिटाला आत्यांनी भीड सोडून घंटेचे बटण दाबले, आणि पुढचे दोन तास वीस मिनिटे त्या ते दाबत, मधूनमधून दार ठोकत होत्या. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दोरा बदलायला मशीन थांबवले, तेव्हा कोणीतरी पत्रा ठोकते आहे असे त्यांना ऐकू आले. म्हणून आत्या बाहेर आल्या.

५. त्या लिफ्टमध्ये वाचण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपल्या कार्यालयाचे प्रमाणपत्र. त्यावर 'धोक्याची घंटा : १००० पैकी १०००' असे छापलेले असून खाली परीक्षक म्हणून अर्जदाराची सही आहे. आत्यांनी ते पाठ होईपर्यंत वाचले. बाहेर आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुझी सही अजून तशीच आहे रे, शाळेतल्यासारखी. शेवटचं अक्षर नेहमी घाईत." कार्यालयीन अर्जात असे लिहू नये हे अर्जदाराला कळते, परंतु अर्जदाराला लाज वाटते, आणि ती कळविण्यासाठी आपल्याकडे वेगळा छापील नमुना उपलब्ध नाही.

६. अर्जदाराने त्याच आठवड्यात बग शोधला. दुरुस्ती सात ओळींची निघाली : प्रोसेसर झोपला की राखणदाराचे घड्याळही थांबवावे. दुरुस्त एम्युलेटरवर तीच चाचणी पुन्हा घेतली असता घंटा हजारपैकी एकशे नव्वद वेळा वाजली नाही. खरा बोर्ड टेबलावर मांडून, दहा-दहा मिनिटे वाट पाहून, अर्जदाराने दोनशे वेळा हाताने बटण दाबून पाहिले. घंटा एकोणचाळीस वेळा वाजली नाही. म्हणजे आता नक्कल अस्सलाबरहुकूम झाली आहे, आणि बोर्ड सदोष आहे हे दोन्हीकडून सिद्ध झाले आहे.

७. दुरुस्त एम्युलेटर मंजुरीसाठी सादर केला असता आपल्या कार्यालयाने तो परत पाठविला. कारण असे की, नव्या एम्युलेटरचे निकाल 'आदर्श एम्युलेटर'च्या निकालांशी तंतोतंत जुळले पाहिजेत आणि एकशे नव्वद ठिकाणी ते जुळत नाहीत. आदर्श एम्युलेटर अर्जदाराचाच, आणि त्यातली चूकही अर्जदाराचीच. निकाल जुळवायचे तर चूक परत घालावी लागेल. तसे केल्यास मंजुरी एका दिवसात मिळेल, असे आपल्या वरिष्ठ लिपिकांनी आपुलकीने सुचविले.

८. मग अर्जदाराने मूळ मंजुरीविरुद्ध अपील करायचे ठरवले. अपिलाच्या नमुन्यात 'अनुत्तीर्ण झाल्याचा दाखला जोडावा' अशी अट आहे. अर्जदार अनुत्तीर्ण नाही. अनुत्तीर्ण व्हायचे तर पुन्हा चाचणीस बसावे लागते, आणि उत्तीर्णास पुन्हा चाचणीस बसता येत नाही. याबाबत वरिष्ठ लिपिकांचे शब्द जसेच्या तसे असे : "अहो, पास झालेल्यानं तक्रार करायची नसते. इथं बाहेर बघा, पास व्हायला माणसं रांग लावून बसलीत. तुम्हाला काय सुख बोचतंय का?" त्यांचा स्वभाव चांगला आहे. त्यांनी अर्जदाराला चहाही दिला. मात्र आत्यांच्या घटनेची नोंद करून घेताना त्यांनी शेरा मारला की, मानकानुसार अडकलेली व्यक्ती एका मिनिटात घंटा दाबते; प्रस्तुत व्यक्तीने पंधरा मिनिटे वाट पाहिल्याने ती मानकात बसत नाही.

महोदय, आत्या कशातच बसत नाहीत, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या झोपेचा विचार करणाऱ्या माणसासाठी घंटा वाजू नये असे मानक असेल, तर ते मानक आधी दुरुस्त करावे, असे अर्जदाराचे स्पष्ट मत आहे.

९. या प्रकरणी अर्जदाराच्या पाठीशी कोणी नाही. प्रयोगशाळेचे साहेब म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू ती उघडून गावभर का दाखवतोयस?" अर्जदाराची पत्नी म्हणते की मूठ उघडणे ठीक, पण हा धोंडा आहे आणि तो आपल्याच पायावर पडणार आहे. मंजुरी रद्द झाल्यास अर्जदाराचा परीक्षक क्रमांक जाईल आणि पन्नाशीत त्याला दुसरे काम शोधावे लागेल, हे दोघांचेही म्हणणे खरे आहे. पत्नीने एवढे बोलून झाल्यावर हा अर्ज दोनदा वाचला व तीन ठिकाणी शब्द सुधारून दिले.

१०. आता मुख्य मुद्दा. त्या दिवसापासून आत्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. पाच मजले गुडघे चढू देत नाहीत आणि त्या लिफ्टमध्ये पाय ठेवायला त्या तयार नाहीत. संध्याकाळी खालच्या बाकावर त्यांच्या दोन मैत्रिणी बसतात. पूर्वी तिघी असत. आता दोघी खालून मान वर करून बोलतात, आत्या गॅलरीतून उत्तर देतात, आणि तिघींनाही कमी ऐकू येत असल्याने घरातल्या गोष्टी सगळ्या गल्लीला कळतात. नवा बोर्ड बसला की खाली येईन, एवढेच त्या म्हणतात. इमारतीच्या कमिटीकडे अर्जदार चार वेळा गेला. कमिटीचे म्हणणे एकच : प्रमाणपत्र आहे ना? मग बोर्ड कशाला बदलायचा? त्यांचा युक्तिवाद अर्जदाराला खोडता येत नाही, कारण प्रमाणपत्रावर सही अर्जदाराचीच आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई चार महिने पाचव्या मजल्यावर कोंडून पडली आहे, आणि तिला कोंडणारा कागद तिच्या भाच्याने सही केलेला आहे. तिने त्या भाच्याला अपूर्णांक शिकवले होते.

११. या परिस्थितीत अर्जदाराने आपल्या कार्यालयाची नियमावली तळटीपांसह पुन्हा वाचली. नियम एकोणिसाच्या तळटीपेत असे आढळले की, लिफ्टमध्ये लावलेल्या प्रमाणपत्रावर कोणताही हस्तलिखित मजकूर अथवा खाडाखोड आढळल्यास ते प्रमाणपत्र त्या क्षणापासून रद्द समजावे व त्या लिफ्टचा बोर्ड तीस दिवसांत बदलावा. खाडाखोड कोणी करावी याबद्दल नियम मौन बाळगतो.

१२. सबब अर्जदार पुढीलप्रमाणे कबुली देतो. परवा रविवारी सकाळी दहा वाजता अर्जदार आत्यांकडे गेला व त्यांना नियम वाचून दाखवला. आत्यांनी तो स्वतःच्या चष्म्याने पुन्हा वाचला. मग त्या कपाटातून लाल पेन घेऊन लिफ्टपाशी आल्या. अर्जदाराने लिफ्टचे दार पायाने अडवून धरले. आत्यांनी चार महिन्यांत प्रथमच लिफ्टमध्ये पाऊल टाकले, एकच. दुसरे बाहेर ठेवले. त्यांनी १००० पैकी १००० वर एक तिरकी रेघ मारली, शेजारी शून्य काढून त्याभोवती गोल केला, आणि अर्जदाराच्या सहीखाली लिहिले : "तळटीप वाचली नाही. पुन्हा करून आण." अक्षर आत्यांचे असले तरी गुन्हा अर्जदाराचा धरावा.

१३. उरलेल्या तीनशे अकरा लिफ्टसाठी अर्जदाराने येत्या सोमवारपासून महिन्याची रजा टाकली आहे. तत्पूर्वी आपण मंजुरीच रद्द केल्यास तेवढी पायपीट वाचेल. आपल्या कार्यालयाच्या इमारतीत तोच बोर्ड आहे, हे माहितीसाठी. अर्जदार सातव्या मजल्यावर जिन्यानेच येतो.

१४. वरील कारणास्तव अर्जदाराचे अपील आता दाखल करून घेण्यास हरकत नसावी. नमुन्यातील अटीप्रमाणे अनुत्तीर्ण झाल्याचा दाखला लागतो. तो सक्षम शिक्षिकेने दिलेला असून सोबत जोडला आहे.

आपला नम्र व आता रीतसर नापास,

(सही, शेवटचे अक्षर सावकाश काढून)
परीक्षक क्रमांक ११७
दिनांक : १९ फेब्रुवारी

सोबत :
१) सात ओळींची दुरुस्ती, दोन प्रती.
२) खऱ्या बोर्डावर दोनशे वेळा बटण दाबल्याची नोंदवही.
३) माहितीपुस्तकातील पान एकशे अठरा. तळटीप अधोरेखित.
४) रद्द झालेल्या प्रमाणपत्राचा रंगीत फोटो. फोटोत डाव्या कोपऱ्यात दिसणारी चप्पल आत्यांची आहे. ती लिफ्टच्या आत आहे, याची कृपया नोंद घ्यावी.